ईईजी विश्लेषणाची पाच दिवसांची कार्यशाळा आणि माझा पापणीएवढा निष्कर्ष

गवतीचहा | रविवार, रात्री १०:५०

गेल्या आठवड्यात ईईजीच्या (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विजेच्या नोंदीच्या) डेटाचं विश्लेषण शिकवणारी कार्यशाळा करून आले. इथे मधूनमधून कोणीतरी विचारतं की हे शिकायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मानसशास्त्रवाली. पडद्यावर चौकोन येतात, मधूनच एखादा वेगळ्या रंगाचा येतो, तो आला की बटण दाबायचं. तेवढ्यात डोक्यावरच्या ६४ इलेक्ट्रोडच्या टोपीतून नोंद होत असते. असला प्रयोग मी दोन वर्षं करतेय. नोंदी घ्यायला हात बसलाय. विश्लेषण मात्र सीनियरने ठेवून गेलेल्या स्क्रिप्टवर. फाइलचं नाव बदलायचं, चालवायचं, अर्ध्या तासाने आकृती येते, ती गाईडना दाखवायची. मधल्या अर्ध्या तासात काय होतं हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

कार्यशाळेत मुख्यतः ईईजीलॅब हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर होतं. डेलॉर्म आणि मॅकेग यांनी २००४ मध्ये त्यावरचा पेपर छापला, घर कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला, चालतं मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरवर. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्हाला एकही मेनू उघडू दिला नाही. सोबत येणारी नमुन्याची फाइल (३२ चॅनल म्हणजे इलेक्ट्रोडमागे एक अशा रेषा, सेकंदाला १२८ नमुने, जेमतेम चार मिनिटांची) पडद्यावर लावली आणि सांगितलं, "नुसतं बघा. दिसेल ते वहीत लिहा." वीस मिनिटं! पहिल्या पाचात सगळे कंटाळले. मग कोणाला तरी दिसलं की वरच्या दोन-तीन रेषांवर अधूनमधून उंटाच्या पाठीसारखं काहीतरी उठतंय आणि खालच्या रेषांपर्यंत येता येता विरून जातंय. ती पापणी. कोणाला दिसलं की एक रेष मधेच केसाळ होते. तो जबडा, नाहीतर मानेचा स्नायू. दुपारपर्यंत वही भरली होती.

डोळा ही बॅटरीच असते म्हणे: पुढची बाजू धन, मागची ऋण. पापणी मिटली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर शंभर-दोनशे मायक्रोव्होल्टचा डोंगर उभा राहतो, आणि आपण शोधतोय तो मेंदूचा प्रतिसाद पाच-दहा मायक्रोव्होल्टचा. लग्नाच्या वरातीत बँजोपार्टीशेजारी उभं राहून कोणाची तरी कुजबुज ऐकायची, असा मामला.

दुसरा दिवस फिल्टर आणि खराब चॅनल. तिसरा पूर्ण दिवस आयसीए, म्हणजे मिसळलेले सिग्नल वेगळे करायची पद्धत. चौथा संख्याशास्त्र. पाचव्या दिवशी आपापला डेटा आणायचा. त्या दिवशी माझं जे झालं ते उद्या लिहिते, आता डोळे मिटतायत (आणि त्याचं आर्टिफॅक्ट, म्हणजे मेंदूबाहेरची भेसळ, येतंय).

---

ठाणेकरीण | रविवार, रात्री ११:१५

वाचतेय. तू कायम ऐन वेळी झोपायला जातेस.

---

निळीशाई | सोमवार, सकाळी ६:४०

ताई, छान लिहिलंय. मी कोल्हापूरकडचा, हॉस्पिटलात ईईजी टेक्निशियन, सव्वीस वर्षं झाली. आमची सुरुवात कागदावरची. सेकंदाला ३० मिलिमीटर कागद सरकायचा, शाईच्या निबा खाली-वर व्हायच्या, पेशंटनं डोकं हलवलं की शाई अंगावर. (नाव तिथूनच घेतलंय.) आम्हाला पहिले तीन महिने नुसतं बघायलाच लावलं होतं, तुम्हाला वीस मिनिटं. चालायचंच.

एक सांगा. आमच्याकडं ऋण बाजू वर काढतात. पापणी मिटली की रेघ खाली जाते. तुमचा उंट वर कसा?

---

गवतीचहा | सोमवार, सकाळी ९:०५

काका, बरोबर पकडलंत. ईईजीलॅबमध्ये धन बाजू वर काढतात, म्हणून उंट वर. दवाखान्यातल्या पद्धतीत ऋण वर, म्हणून तुमची पापणी खड्ड्यात. कार्यशाळेत एक न्यूरॉलॉजीतल्या डॉक्टर मॅडम होत्या, त्या पहिला तासभर सगळं उलटं वाचत होत्या आणि आम्ही उगाचच त्यांच्या हो ला हो करत होतो.

---

बोका४२ | सोमवार, सकाळी ९:३०

नांदेडहून. एमएस्सीला आहे. मॅटलॅबचं लायसन्स कॉलेजकडे नाही, टोपी तर दूरचीच गोष्ट. आमच्यासारख्यांनी काय करायचं? क्रॅक व्हर्जन सोडून सांगा, त्यातून लॅपटॉपला एकदा रोग लागलाय.

---

डचआमटी | सोमवार, दुपारी १:२०

बोक्या, तुला उत्तर देतो. मी नाईमेखनला असतो. फील्डट्रिप नावाचं दुसरं साधन ज्या डॉन्डर्स इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालं, ती आमच्या गावातली. पण तुला फील्डट्रिप सांगत नाही, त्यालाही मॅटलॅबच लागतं.

तू एमएनई-पायथन घे, हेच काम पायथन भाषेत करणारं साधन. फुकट आहे, पायथन येत असेल तर दोन दिवसांत हात बसेल. ईईजीलॅब आणि ब्रेनस्टॉर्म (असंच आणखी एक साधन) या दोघांचीही मॅटलॅबच्या लायसन्सशिवाय चालणारी बांधीव आवृत्ती मिळते. मेनूतून शिकायला ठीक, पण तिच्यात स्वतःच्या स्क्रिप्टा लिहिण्यावर मर्यादा येतात.

टोपीचं म्हणशील तर डेटाला तोटा नाही. फिजिओनेट या खुल्या डेटाच्या साइटवर १०९ जणांच्या नोंदी पडल्या आहेत: ६४ चॅनल, सेकंदाला १६० नमुने, प्रत्येकाच्या १४ फाइली. पहिली फाइल एक मिनिट डोळे उघडे, दुसरी एक मिनिट डोळे मिटलेले. या दोनच घे. दोन्हींचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेची लाट किती जोरात, तो आलेख) काढून एकावर एक ठेव. डोळे मिटल्यावर १० हर्ट्झच्या आसपास डोक्याच्या मागच्या बाजूला टेकाड उभं राहतं. तो अल्फा. हान्स बर्गरने येना शहरात १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा नोंद घेतली, १९२९ मध्ये छापली, तेव्हा त्यालाही हाच ठळक दिसला होता. शंभर वर्षांनी तुला नांदेडमध्ये दिसेल.

दोन ठिकाणी अडखळशील म्हणून आधीच सांगतो. त्या फाइलींत इलेक्ट्रोडच्या नावांपुढे टिंबं चिकटवलेली आहेत, ती काढल्याशिवाय डोक्यावरच्या जागा जुळत नाहीत. दुसरं, डेटा अमेरिकेतला आहे, तिथली वीज ६० हर्ट्झची. सवयीने ५० चा नॉच फिल्टर (तेवढी एकच वारंवारता गाळणारा) लावशील आणि विजेचा खांब आहे तिथेच उभा का म्हणून डोकं खाजवशील.

---

बोका४२ | सोमवार, दुपारी १:४१

दादा, दंडवत. आज रात्रीच बसतो.

---

शंकासुर | सोमवार, संध्याकाळी ५:१०

चांगलं चाललंय, पण मला एक विचारू द्या. पेपरात नार्को टेस्टबरोबर "ब्रेन मॅपिंग" येतं ते हेच ना? म्हणजे टोपी घातली की गुन्हेगार पकडला जातो? मग पापणीसुद्धा ज्यात घोटाळा करते त्यावर कोर्टाने विश्वास कसा ठेवायचा?

---

गवतीचहा | सोमवार, रात्री ९:३०

शंकासुरा, प्रश्न रास्त आहे, आणि धागा आपल्या पुण्याशीच जुळतो. मूळ यंत्र हेच, ईईजी. ओळखीची गोष्ट समोर आली की मेंदू वेगळा प्रतिसाद देतो, या आधारावर "हा प्रसंग याने अनुभवलाय" असं सांगायचा दावा असतो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात असल्या चाचणीचा निष्कर्ष आरोपीच्या विरोधात धरला गेला होता, जगभर बातमी झाली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि ही चाचणी माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

माझं मत विचारशील तर एकाच माणसाच्या एकाच बैठकीतून "याला आठवतंय" असं ठासून सांगायची माझी छाती नाही. का, ते आता लिहिते. कालचं उरलेलं.

तिसरा दिवस. आयसीए म्हणजे काय, ते माझ्या भाषेत: एका हॉलमध्ये दहा जण एकदम बोलतायत आणि वेगवेगळ्या ठिकाणी माइक टांगलेत. प्रत्येक माइकमध्ये सगळ्यांची खिचडी. आयसीए ती खिचडी निवडून पुन्हा तांदूळ वेगळे, डाळ वेगळी करायला बघतं. पापणी एका घटकात, हृदयाचे ठोके एकात, मानेचा स्नायू एकात. मग नको ते घटक काढून टाकायचे. कोणता घटक कशाचा हे ओळखायला आयसीलेबल नावाची जोड आहे, ती प्रत्येकावर सात प्रकारांपैकी चिठ्ठी लावते: मेंदू, स्नायू, डोळा, हृदय, वीज, बिघडलेलं चॅनल, इतर. आम्हाला आधी चिठ्ठ्या झाकून स्वतः ओळखायला लावलं. माझे वीसपैकी अकरा बरोबर. हसू नका.

इथेच माझ्या स्क्रिप्टची पहिली वीट निखळली. ६४ चॅनलपैकी तीन खराब होते, ते शेजाऱ्यांवरून भरून काढले. मग सगळ्यांची सरासरी प्रत्येकातून वजा केली. आता पडद्यावर रेषा ६४ च दिसतात, पण स्वतंत्र माहिती ६० चीच उरली. तीन गेल्या भरण्यात, एक गेली सरासरीत. माझी स्क्रिप्ट मात्र आयसीएकडे निमूटपणे ६४ घटक मागायची. सॉफ्टवेअर हे आपणहून ओळखायचा प्रयत्न करतं, पण दरवेळी पकडेलच असं नाही. माझ्या डेटात दोन घटक हुबेहूब जुळे निघाले, डोक्याचा नकाशा तोच, नुसती उलटसुलट चिन्हं. दोन वर्षं ते जुळे माझ्या फाइलींत नांदत होते. आकृती दरवेळी सुरेखच आली.

चौथा दिवस. आम्हाला दोन गटांच्या फाइली दिल्या, "फरक शोधा" म्हणाले. सहाही टेबलांनी शोधला. आमच्या टेबलाला डाव्या कानशिलावर ४०० मिलिसेकंदांना सापडला, शेजारच्यांना मागे २०० ला. आम्ही त्यावर सिद्धांतही मांडला, भाषा डावीकडे असते वगैरे. मग सर म्हणाले, दोन्ही फाइली एकाच प्रयोगातल्या एकाच प्रकारच्या ट्रायल (प्रयोगातल्या एकेक खेपा) आहेत, नाणेफेक करून दोन ढीग केलेत. शांतता. फळ्यावर गणित मांडलं: ६४ चॅनल गुणिले वेळेचे २०० बिंदू म्हणजे १२,८०० तुलना. पाच टक्क्यांची चाळण लावली तर नुसत्या योगायोगाने ६४० ठिकाणी "फरक" दिसणार. मग क्लस्टर परम्युटेशन शिकवलं: ढीग शेकडो वेळा पुन्हापुन्हा पिसायचे, दरवेळी योगायोगाने फरकाचं सगळ्यात मोठं बेट केवढं येतं ते बघायचं, आणि आपलं बेट त्याहून मोठं आहे का ते विचारायचं. आमचं डावं कानशील पहिल्याच फटक्यात बुडालं.

पाचवा दिवस. माझा डेटा. माझा मुख्य निष्कर्ष असा होता: वेगळ्या रंगाचा चौकोन आला की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर ४०० मिलिसेकंदांनंतर मोठी धन लाट येते. गाईड खूष, मी खूष, पोस्टर छापून झालेलं. सरांनी आकृती पाहिली, काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, सरासरी नको, एकेक ट्रायल दाखव. ट्रायल एकाखाली एक रचलेलं ते रंगीत चित्र काढलं. लाट सगळ्या ट्रायलमध्ये थोडीथोडी नव्हती. बहुतेक ट्रायल कोऱ्या, आणि पाचातल्या एकात भला मोठा लाल ठिपका.

लोक वेगळा चौकोन आला की बटण दाबतात, आणि बटण दाबून झालं की सुस्कारा सोडल्यासारखी पापणी मिटतात.

डोळ्याचा घटक काढला. लाट गेली. मागे, टाळूच्या मागच्या बाजूला ३०० च्या आसपास जो प्रतिसाद १९६५ पासून सगळ्यांना माहीत आहे तो होता आपला जागेवर, पण त्याच्यासाठी मी पोस्टर छापलं नव्हतं.

---

ठाणेकरीण | सोमवार, रात्री ९:५२

अगं बाई. गाईडना सांगितलंस?

---

गवतीचहा | सोमवार, रात्री १०:०४

सांगितलं. पाच सेकंद गप्प होते. मग म्हणाले, "पोस्टर कुठल्या भिंतीवर आहे? काढून घे."

---

डचआमटी | सोमवार, रात्री ११:३०

तुझं दुःख मला कळतं, माझंही एकदा असंच झालं होतं, तिथे पापणीऐवजी फिल्टर होता. आयसीए चांगलं चालावं म्हणून १ हर्ट्झचा हाय-पास (त्याहून संथ लाटा गाळणारा फिल्टर) लावला आणि त्याच डेटावर पुढची सरासरी काढली. इतका जोरकस फिल्टर संथ लाटांना चावतो आणि खऱ्या लाटेच्या आधी एक खोटा खड्डा तयार करतो. मी त्या खड्ड्याला "पूर्वतयारीचा प्रतिसाद" असं नाव ठेवलं होतं. बारसं करून मोकळा! नीट रस्ता असा: डेटाची प्रत काढायची, प्रतीवर १ हर्ट्झ लावून आयसीए चालवायचं, मग मिळालेली वजनं (कोणत्या चॅनलमधलं किती घेऊन घटक बनतो ते आकडे) ०.१ हर्ट्झवाल्या मूळ डेटाला लावायची.

आणखी एक. आयसीएला पुरेसा डेटा लागतो. ठोकताळा असा की चॅनलचा वर्ग गुणिले वीस-तीस एवढे नमुने हवेत. ६४ चॅनल, सेकंदाला २५० नमुने धरले तर साडेपाच ते आठ मिनिटं. तीन मिनिटांच्या तुकड्यावर ६४ घटक मागणाऱ्यांना मी हात जोडतो.

मेनूवरून टिचक्या मारून शिकायचं तर खुशाल शिका, पण संध्याकाळी ईईजीलॅबला ईईजीएच (eegh) ही आज्ञा द्या. दिवसभर जे जे केलं ते सगळं कोडच्या ओळींत समोर येतं. ते साठवा. सहा महिन्यांनी "हा फिल्टर मी कधी लावला" याचं उत्तर फक्त तिथेच असतं.

---

बोका४२ | मंगळवार, मध्यरात्री १:१५

आलं!! टेकाड आलं! पण दादा, नाकाजवळ आलंय. मागे यायला हवं ना?

---

डचआमटी | मंगळवार, मध्यरात्री १:२२

नाकाजवळ अल्फा म्हणजे इलेक्ट्रोडच्या जागा चुकल्या. जागा नावावरून न लावता यादीतल्या क्रमाने लावल्या असशील. नावातले विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, झेड मधल्या रेषेवर, ओ अक्षराची मंडळी मागे. प्रत्येक नाव जुळतंय का बघ आणि झोप.

---

बोका४२ | मंगळवार, मध्यरात्री १:५०

टिंबं काढायची राहिली होती. आता मागे आलं. झोपतो.

---

निळीशाई | मंगळवार, सकाळी ६:५५

सगळं वाचलं. तुमची ती पिसाई-बिसाई मला कळली नाही, पण एक बोलू का? तुम्ही सगळे घाण डेटा धुवायच्या गोष्टी करताय. घाण येऊ का द्यायची?

आमच्याकडं पेशंट येतो डोक्याला खोबरेल चोपडून. आई म्हणते, "तपासणीला जायचं म्हणून चांगली तेल लावून वेणी घातली." तेलावर पेस्ट धरत नाही, इलेक्ट्रोड तरंगतो, रोध ५ किलो-ओमच्या खाली यायचा तो ४० वर बसतो. मग तिथली रेघ घामाबरोबर डुलत राहते. म्हणून अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर मी हातानं लिहितो: आदल्या रात्री शाम्पू, तेल नाही, कंडिशनर नाही. तरी दहातले तीन तेल लावून येतात. स्पिरिटनं भांग पुसत बसायचं.

दुसरं वीज. ५० ची लकेर दिसली की पोरं लगेच फिल्टरचं बटण दाबतात. मी आधी अर्थिंग बघतो. मग पेशंटच्या उशाखालचा मोबाइल. मग ट्यूबलाइटची चोक. एकदा दोन दिवस शोधत होतो, शेवटी भिंतीपलीकडं नवीन बसवलेला इन्व्हर्टर निघाला. सगळ्या चॅनलवर लकेर असेल तर अर्थिंग किंवा रेफरन्स (बाकीचे ज्याच्याशी ताडून मोजतात तो इलेक्ट्रोड) बघा, एकाच चॅनलवर असेल तर तोच इलेक्ट्रोड सुटलाय. हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार?

---

गवतीचहा | मंगळवार, सकाळी ९:१५

काका, हे कार्यशाळेत कोणी सांगितलं नाही. प्रिंट काढून लॅबच्या दारावर लावतेय.

---

कंदीपेढा | मंगळवार, सकाळी ११:००

मधेच येतो, क्षमस्व. माझ्या पुतण्याला फेफरं येतात, ईईजीची फाइल सीडीवर दिली आहे. हे एमएनई-पायथन घेऊन घरी बघितली तर काही कळेल का? रिपोर्टमध्ये "शार्प वेव्ह" असं लिहिलंय.

---

निळीशाई | मंगळवार, सकाळी ११:२५

नका बघू. सव्वीस वर्षं रोज बघतोय, तरी रिपोर्टवर सही माझी नसते. झोपेत येणाऱ्या कितीतरी साध्या लाटा टोकदार दिसतात, आणि पोरानं गाल चावला तरी दिसतात. सीडी मेंदूविकारतज्ज्ञांकडं न्या. आणि फिट येते तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, तो डॉक्टरांना फार कामाला येतो.

---

कंदीपेढा | मंगळवार, सकाळी ११:४०

धन्यवाद काका. व्हिडिओचं डोक्यातच आलं नव्हतं.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:३०

गवतीचहा, मग एवढं करून हाती काय लागलं? पाच दिवस, दोन वर्षांचा डेटा, निष्कर्ष गेला.

---

गवतीचहा | मंगळवार, रात्री ८:४५

सगळा नाही गेला. जुना डेटा पुन्हा पहिल्यापासून चाळतेय, या वेळी प्रत्येक सब्जेक्टची फाइल आधी वीस मिनिटं नुसती बघायची आणि वहीत लिहायचं. आतापर्यंत नऊ झाल्या. सातव्यात एक बाई दर दीड मिनिटाला घोट गिळतात. स्क्रिप्टने मला हे कधी सांगितलं नसतं.

आणि प्रयोग थोडा बदललाय. बटण दाबल्यावर पडद्यावर दीड सेकंदाने छोटं अधिक चिन्ह येतं, पापणी त्यानंतरच मिटायची असं सांगितलंय. पहिली सब्जेक्ट उद्या दहाला. आत्ताच तिचा मेसेज आला: "ताई, डोकं धुतलंय, कोरडं होत नाहीये म्हणून थोडंसं तेल लावलं तर चालेल ना?"

---

निळीशाई | मंगळवार, रात्री ९:०२

स्पिरिट आणि कापूस तयार ठेवा.